वाटाण्याएवढा लेप

थर्मल पेस्ट म्हणजे संगणकाचा प्रोसेसर आणि त्याच्यावर बसणारा कूलर यांच्या मध्ये लावायचा दाटसर, बहुधा करड्या रंगाचा लेप. बाजारात तो काही ग्रॅमच्या लहानशा सिरिंजमध्ये मिळतो. संगणकाचे सुटे भाग आणून घरी जोडणाऱ्याचा हात सर्वांत जास्त थबकतो तो इथेच. प्रोसेसर महाग असतो, लेप चिकट असतो आणि तो किती लावावा याबद्दल दहा जण दहा सल्ले देतात. या लेपाचे खरे काम हवा हुसकून लावणे हे आहे. लावण्याच्या कृतीतली प्रत्येक पायरी या एका गोष्टीतून निघते.

उष्णता किती, जागा किती

घरगुती वापराच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरसाठी उष्णतेचा ६५ वॅट हा आकडा दिलेला असतो. ऐकायला तो लहान वाटतो. पण प्रोसेसरचे वरचे धातूचे झाकण सुमारे तीन सेंटिमीटर बाजूचे, म्हणजे नऊ चौरस सेंटिमीटरचे धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सात वॅट उष्णता बाहेर पडायला हवी. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर असतो. तिथे हेच प्रमाण पाच वॅट पडते. म्हणजे प्रोसेसरच्या पाठीवरचा उष्णतेचा भार तापलेल्या इस्त्रीपेक्षाही जास्त असतो. ही उष्णता तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कूलरने ओढून घ्यायची आणि पंख्याने हवेत सोडायची, अशी रचना असते.

अडचण येते ती जोडाच्या जागी. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे उंचवटे आणि खळगे दिसतात. दोन्ही धातू एकमेकांवर ठेवले की फक्त उंचवटे टेकतात आणि उरलेल्या पोकळीत हवा अडकते. हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला सुमारे ४०० वॅट, हवेची जेमतेम ०.०२६ आणि चांगल्या थर्मल पेस्टची साधारण ४ ते १२. म्हणजे पेस्ट तांब्याच्या तुलनेत खूपच मागे आहे, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी सरस आहे.

हा फरक एका साध्या हिशेबात दिसतो. दोन धातूंमध्ये सर्वत्र ०.०४ मिलिमीटरची हवेची फट राहिली, तर ६५ वॅट उष्णता तिच्यातून जाण्यासाठी दोन्ही बाजूंच्या तापमानात शंभर अंशांहून जास्त फरक लागेल. त्याच फटीत आठ वाहकतेची पेस्ट असेल, तर अर्धा अंशही लागणार नाही. मात्र पेस्टचा थर अर्धा मिलिमीटर जाड झाला, तर तीच पेस्ट चार-साडेचार अंशांचा अडथळा बनते. म्हणून खळगे भरतील इतकी पेस्ट हवी. धातूला धातूपासून दूर ढकलेल इतकी नको.

लेपात काय असते

बहुतेक पेस्ट सिलिकॉन तेलासारख्या न सुकणाऱ्या द्रवात बारीक पूड कालवून केलेल्या असतात. ही पूड जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची असते. काही पेस्टमध्ये चांदी किंवा कार्बनही असतो. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या पेस्टमधून वीज वाहत नाही, म्हणून नवख्या हातासाठी त्याच योग्य. ‘लिक्विड मेटल’ या नावाने मिळणारा गॅलियमयुक्त द्रव उष्णता कितीतरी जास्त वाहून नेतो, पण तो विजेचाही वाहक आहे. त्याचा एक थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट होऊ शकतो, आणि ॲल्युमिनियमच्या कूलरला तो अक्षरशः खाऊन टाकतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

लावण्याची रीत

आधी कूलरचा तळ पाहावा. प्रोसेसरच्या खोक्यात सोबत येणाऱ्या कूलरवर पुष्कळदा कारखान्यातूनच पेस्टचा थर दिलेला असतो. तसे असेल तर वेगळी पेस्ट लागत नाही. वेगळा विकत घेतलेल्या कूलरच्या तळावर मात्र अनेकदा पारदर्शक प्लास्टिकची पातळ पट्टी असते. ती काढायची राहिली, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

नंतर दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यावेत. जुनी पेस्ट असेल तर ती कोरड्या कापडाने काढून, मग धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल ॲल्कोहोल घेऊन धातू चकचकीत होईपर्यंत पुसावे. ते नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध असावे, कारण ते झटकन उडून जाते. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणाही मध्ये येतो. ही सफाई प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या जागेत, पक्का बसवल्यानंतर करावी, म्हणजे पिनांना धक्का लागत नाही.

आता सिरिंज उभी धरून प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याच्या लहान दाण्याएवढा ठिपका सोडावा. चार मिलिमीटर व्यासाच्या दाण्याचे आकारमान सुमारे ३३ घन मिलिमीटर होते. नऊ चौरस सेंटिमीटरवर तो पसरला की थर ०.०४ मिलिमीटरपेक्षाही पातळ होतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. मोठ्या झाकणाच्या प्रोसेसरवर ठिपक्याऐवजी फुलीच्या आकारात रेघा काढतात. पेस्ट बोटाने पसरवायची गरज नसते. कूलरच्या दाबाने ठिपका मधून कडांकडे पसरत जातो आणि हवेला पुढे ढकलत बाहेर घालवतो. हाताने पसरवलेल्या खडबडीत थरात हवेचे बुडबुडे कोंडले जाऊ शकतात.

कूलर सरळ वरून खाली ठेवावा. चार स्क्रू असतील तर चारचाकीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन फेरे देत आवळावेत. एकच कोपरा आधी घट्ट केला की कूलर तिरपा होतो आणि दुसऱ्या कडेला फट राहते. स्क्रूऐवजी दाबून बसवायच्या पिना असतील तर त्याही तिरक्या जोडीने दाबाव्यात. प्रत्येक पिनेचा ‘टक’ असा आवाज यायला हवा. शेवटी पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागी जोडावी.

पेस्ट थोडी जास्त झाली तर दाबाने कडेने बाहेर येते. ती पुसता येते. कमी पडली तर झाकणाचा काही भाग कोरडा राहतो, आणि तो दोष बाहेरून दिसत नाही. म्हणून चूक व्हायचीच असेल तर किंचित जास्तीची झालेली बरी.

पडताळणी

संगणक सुरू केल्यावर बायॉसच्या, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर प्रोसेसरचे तापमान दिसते. विशेष काम नसताना ते बहुधा ३५ ते ५० अंश सेल्सिअस असते आणि जड कामात वर जाते. सुरू करताच काही सेकंदांत ते नव्वदच्या वर पळाले, तर पट्टी तशीच राहिली आहे, कूलर तिरपा बसला आहे किंवा पंखा जोडलेला नाही, असे समजावे. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि त्याहून तापले तर बंद पडतात. खोलीचे तापमानही हिशेबात धरावे लागते, कारण कूलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत चालणारा संगणक पुण्याच्या थंडीतल्या २० अंशांच्या खोलीतल्या संगणकापेक्षा साधारण वीस अंश जास्त तापलेला दिसेल, आणि त्यात पेस्टचा काही दोष नसेल.

पुन्हा लावण्याची वेळ

काही वर्षांनी पेस्टमधला द्रव कमी होतो. तापण्या-निवण्याच्या चक्रात ती मधून कडेला सरकते. कूलरची धूळ साफ करूनही तापमान पूर्वीपेक्षा जास्त राहिले, तर नवी पेस्ट लावावी. कूलर काढण्याआधी संगणक थोडा वेळ चालवून, मग बंद करून वीज तोडावी. पेस्ट मऊ झाल्यावर कूलर किंचित डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. एएम-फोर सॉकेटच्या प्रोसेसरला खालून १३३१ नाजूक पिना असतात. कूलर सरळ वर ओढल्यास प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जाऊ शकतो आणि पिना वाकतात.

कूलर उचलला की पेस्टवर नेच्याच्या पानासारखी, फांद्या फुटलेली नक्षी दिसते. दोन धातू विलग होताना हवा चिकट लेपात वाटा काढत शिरते, त्या वाटांची ती नक्षी असते. म्हणून एकदा उचललेला कूलर त्याच पेस्टवर परत ठेवू नये. दोन्ही बाजू पुसाव्यात आणि नवा ठिपका लावावा.