बाहुलीतली पांढरी झाक

पालीच्या बल्लाळेश्वराच्या डोळ्यांत हिरे आहेत. आया लेकराला उचलून दाखवतात, ‘बघ, बाप्पाचे डोळे कसे चमकतात!’ पण लेकराचीच बाहुली चमकू लागली तर? मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट झाक, फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लालऐवजी पांढरा ठिपका, नव्याने आलेला तिरळेपणा... ही रेटिनोब्लास्टोमाची, दृष्टिपटलाच्या कर्करोगाची, खूण असू शकते. सुमारे १५ ते १८ हजार जन्मांमागे एका बाळाला, बहुधा पाचव्या वर्षाच्या आत, हा आजार होतो. सुरुवातीला तो दुखत नाही, तिथेच घात होतो. ‘मोठं झालं की जाईल’ म्हणत महिने जातात. वेळीच उपचार झाले तर दहांतली नऊ मुले वाचतात, अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला, की डोळा काढून जीव राखावा लागतो.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. महात्मा फुले योजनेतून कर्करोगावरील उपचारांना मदतही मिळते. पण मुंबईतला महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम, बुडालेली मजुरी? तिथेच कुटुंब मोडते आणि उपचार अर्धवट सुटतात. सेंट ज्यूड संस्था २००६ पासून अशा मुलांना आई-बापांसह विनामूल्य निवारा देते; आपल्याच जिल्ह्यात, खारघरलाही.

चतुर्थीला नारळ-हारांच्या दुकानांशेजारी या पांढऱ्या बाहुलीचा एक फलक आणि एक पेटी ठेवायला कितीसा खर्च येईल? तोवर, वाचकहो, घरातल्या चिमुरड्यांचे फोटो आज एकदा नीट पाहा.