रणात हरवलेल्या माणसाचा शोध

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. लढाई कोणी जिंकली, तह कोणी केला, एवढे ग्रंथांत सापडते. परंतु ज्या घरातून एक तरुण पलटणीत गेला आणि परत आला नाही, त्या घराचा प्रश्न वेगळा असतो. तो नेमका कोठे पडला, कोणत्या दिवशी पडला, त्याचे दफन किंवा दहन झाले की नाही, त्याचे नाव कोठे लिहून ठेवले आहे काय, हे त्या घराला जाणून घ्यावयाचे असते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापलीकडे गेली आणि त्यांपैकी सत्तर हजारांच्या वर मृत्यू पावली. त्यांच्या पणतवंडांच्या मनात हा प्रश्न आजही येतो. त्याचे उत्तर कसे शोधावे, हे समजून घेण्यासाठी कोलकात्यातील एका आजीची हकिकत उपयोगी पडते.

या आजींचे नाव मोक्षदा देवी. राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या त्या भगिनी. स्वतः कवयित्री असलेल्या या बाईंनी तरुणपणी स्त्रियांसाठी ‘बंगमहिला’ हे नियतकालिकही चालविले होते. त्यांचा नातू कल्याणकुमार मुखर्जी हा १८८२ मध्ये जन्मलेला, पेशाने डॉक्टर आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये कॅप्टन. १९१५ मध्ये त्याची रवानगी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाली. तेथून तो परतला नाही. मार्च १९१७ मध्ये तुर्कांच्या कैदेत, रास-अल-ऐन या ठिकाणी, तापाने त्याचा अंत झाला. मोक्षदा देवींनी नातवाची पत्रे जमविली, मोहिमेची माहिती गोळा केली आणि वयाच्या ऐंशीच्या सुमारास, १९२८ मध्ये, ‘कल्याण-प्रदीप’ हे चारशेहून अधिक पृष्ठांचे बंगाली चरित्र प्रसिद्ध केले. सामान्यतः नातू-पणतू पूर्वजाचा शोध घेतात. येथे आजीनेच नातवाचा माग काढला.

मराठी वाचकाने या कथेपाशी थोडे थांबावे, याला कारण आहे. कल्याणकुमार ज्या सैन्याबरोबर होता ते सहावे डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखले जाई. मेजर जनरल टाउनशेंड हे त्याचे सेनापती. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे मोठी लढाई झाली. तीत झालेली हानी एवढी भयंकर होती की सैन्याला माघार घेऊन तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा या गावात आश्रय घ्यावा लागला. तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून गावाला वेढा घातला. तो सुमारे पाच महिने चालला. धान्य संपत आले. घोडे मारून खाण्याची वेळ आली, तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माच्या विचाराने ते मांस नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंच्या परवानग्या बिनतारी संदेशाने मागविल्या गेल्या, तरी शेवटच्या दिवसांपर्यंत अनेकांचे मन वळले नाही. अखेरीस २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. पुढे वाळवंटातून त्यांना पायी चालविण्यात आले. जगले त्यांपैकी कित्येकांना रास-अल-ऐन परिसरात बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर राबविण्यात आले. कोकणातील आणि देशावरील शेतकऱ्यांची मुले आणि कोलकात्याचा हा डॉक्टर एकाच वाटेने गेली.

मग कल्याणकुमारविषयी आपल्याला एवढे कळते आणि त्याच वेढ्यात अडकलेल्या एखाद्या मराठा शिपायाविषयी काहीच कळत नाही, असे का व्हावे? उत्तर सरळ आहे. कल्याणकुमार लिहिणारा होता आणि त्याची पत्रे जपणारे घर होते. त्या पत्रांत केवळ खुशाली नाही. प्रारंभी साम्राज्याच्या बाजूने लढणाऱ्या या अधिकाऱ्याचा सूर रक्तपात पाहून बदलत जातो, आणि इंग्रजांकडून शिकलेला देशाभिमानच संकुचित व हिंसक आहे, असे तो स्पष्टपणे लिहितो. आजीने हा भाग गाळला नाही, ही गोष्ट त्यांच्या सचोटीची साक्ष देते. घरातील मृताचे चरित्र लिहिताना अवघड मजकूर वगळण्याचा मोह सहसा आवरत नाही.

याच वेढ्याची दुसरी साक्ष कोलकात्याच्याच शिशिर सर्वाधिकारी यांची आहे. बेंगॉल अँब्युलन्स कोअरमध्ये साधा स्वयंसेवक म्हणून ते गेले, कैदेत पडले, आणि त्या काळात लिहिलेली रोजनिशी तुकडे करून बुटात लपवीत त्यांनी वाचविली. तिच्या आधारे ‘अभि ले बगदाद’ हे त्यांचे पुस्तक विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात निघाले. ज्यांचा पूर्वज कुतच्या वेढ्यात होता, त्यांनी तेथील जीवन समजून घेण्यासाठी अशा साक्षी अवश्य पाहाव्यात. एका माणसाची रोजनिशी त्याच्या शेजारच्या अबोल माणसाबद्दलही बरेच काही सांगून जाते.

मराठा शिपाई बहुधा निरक्षर असे. पत्र तो दुसऱ्याकडून लिहवून घेई आणि गावी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले जाई. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे सरकारी तपासनीस उघडून पाहात, त्यांतील वेच्यांचे इंग्रजी भाषांतर करून ठेवीत. हेरगिरीच्या हेतूने केलेल्या या कामामुळे शेकडो सामान्य शिपायांचे शब्द लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत टिकून राहिले. मूळ पत्रे मात्र बहुतेक नाहीशी झाली.

तेव्हा ज्याच्या घरी पत्र नाही, त्याने सुरुवात कोठून करावी? घरातूनच. पेटीच्या तळाशी, फोटोच्या चौकटीमागे, जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलेल्या पुडक्यात पुष्कळदा काहीतरी निघते. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पदक. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक हाती घेऊन त्याची कड भिंगाखाली पाहावी. तेथे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदकाचा दर्शनी भाग सर्वांचा सारखाच; माणूस सापडतो तो कडेवर. दुर्दैवाने अनेक घरांतून ही पदके चांदीच्या भावाने सोनाराकडे गेली. मृत सैनिकाच्या वारसाला ब्राँझची एक गोल थाळीही मिळत असे. ती सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची असून तिच्यावर मृताचे केवळ नाव असते. हुद्दा आणि पलटण तिच्यावर घालत नसत, कारण मृत्यूत सर्व समान, असा त्यामागील विचार होता. विचार उदात्त खरा. पण शोध घेणाऱ्याला तो थोडा अडचणीत टाकतो, कारण नुसत्या नावावरून माणूस ओळखणे मराठी मुलखात फार कठीण आहे.

याचे कारण नावांच्या पुनरावृत्तीत आहे. एकाच पलटणीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार-पाच शिपाई सहज असत. वडिलांचे नाव जोडण्याची आपली रीत लष्करी यादीत पाळली जाईच असे नाही. त्यातून इंग्रज कारकून कानाला जसे ऐकू येईल तसे लिहीत. एकच भोसले कोठे भोंसले, कोठे बोंसला असा आढळतो; जाधव जादव होतो, कदम कदमचा कडम होतो. त्यामुळे एकाच शब्दलेखनाचा हट्ट धरणाऱ्याच्या हाती पुष्कळदा निराशाच येते. क्रमांक ठाऊक असेल तर काम निम्मे झाले. तो नसल्यास वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा यांचा आधार घ्यावा. मृतांच्या याद्यांत ‘अमुकचा मुलगा, राहणार अमुक गाव’ अशी टीप पुष्कळ वेळा असते. मात्र जिल्हे त्या वेळचे समजावेत. आज सिंधुदुर्गात असलेली बरीच गावे १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होती, आणि कोल्हापूर हे त्या काळी स्वतंत्र संस्थान होते.

हुद्द्यांच्या नावांतही एक चकवा आहे. त्या काळचा जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार, अधिकाराचा माणूस. आजच्या बोलीतील अर्थ मनात धरून घरातील मंडळी कधीकधी पूर्वजाचा हुद्दा उगाच खाली आणतात. पलटणींचे क्रमांकही १९२२ मध्ये बदलले. १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी झाली आणि ११७ वी पाचवी झाली. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. पलटण निश्चित झाली म्हणजे तिची युद्ध-रोजनिशी पाहता येते. पलटण त्या त्या दिवशी कोठे होती, किती माणसे पडली, याची नोंद तीत असते. शिपायांची नावे तीत क्वचितच येतात. तरीही मृत्यूचा दिवस ठाऊक असेल, तर तो कोणत्या प्रसंगी पडला असावा, याचा विश्वासार्ह तर्क करता येतो. या रोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मृतांच्या याद्या ठेवणारी प्रमुख संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. ती १९१७ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झाली. तिच्या याद्या संगणकावर विनामूल्य पाहता येतात. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. हे स्मारक १९२७ मध्ये उघडले गेले. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. परंतु मेसोपोटेमियात पडलेल्यांची गोष्ट निराळी झाली. बसरा येथे १९२९ मध्ये उभारलेल्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण हिंदी शिपायांच्या बाबतीत तेथे नावांऐवजी पलटणीनुसार केवळ संख्या कोरली गेली. अधिकाऱ्याला नाव आणि शिपायाला आकडा, हा भेद कोणाही वाचकाला खटकावा असाच आहे. खुद्द कमिशननेही एप्रिल २०२१ मधील अहवालात असा भेदभाव झाल्याचे मान्य करून क्षमा मागितली. किमान १,१६,००० माणसांचे, प्रामुख्याने आफ्रिका व इजिप्त येथील माणसांचे, नावाने किंवा मुळीच स्मरण केले गेले नव्हते, असे त्या अहवालात म्हटले आहे. बसऱ्याच्या दगडावर नसलेली हिंदी शिपायांची नावे कागदी याद्यांत मात्र आहेत. दगडावर नाव नाही म्हणून शोध सोडून देणे चुकीचे ठरेल.

कोलकात्यात हाच भेद आणखी एका ठिकाणी दिसतो. हुगळीच्या काठी, हेस्टिंग्ज भागात, खलाशांचे एक उंच स्मारक आहे. ६ फेब्रुवारी १९२४ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते ते खुले झाले. बंगाल, आसाम आणि उत्तर हिंदुस्थानातील ८९६ खलाशांची ती आठवण आहे. हे लोक बंदूक घेऊन लढले नाहीत. जहाजांच्या भट्टीत कोळसा टाकताना, दोर ओढताना, स्वयंपाकघरात काम करताना पाणबुडीच्या माऱ्याने ते जहाजांसह बुडाले. मुंबई बंदरातून जाणाऱ्या जहाजांवर रत्नागिरीकडचे पुष्कळ खलाशी असत. त्यांच्या घरांनाही हेच दुःख सोसावे लागले. खलाशाचा शोध पलटणीवरून लागत नाही, जहाजाच्या नावावरून लागतो. म्हणून घरातील म्हाताऱ्या माणसांना जहाजाचे नाव आठवते का, हे आधी विचारावे. मुंबईत मशीद बंदर येथील खलाशीगृहात दोन्ही महायुद्धांतील अशा खलाशांची स्मारके आहेत. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्यांची नावे तेथील आणि चितगाव येथील स्मरणग्रंथांत नोंदविलेली आहेत.

कधीकधी विसरलेली नोंदवही अचानक उजेडात येते. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या गावोगावच्या सैनिकांच्या नोंदी अनेक दशके पडून होत्या. त्यांत सुमारे ३,२०,००० माणसांची माहिती आहे. त्यातील पहिला भाग २०२१ मध्ये संगणकावर खुला झाला आणि परदेशात वाढलेल्या अनेकांना आपल्या पणजोबांचे गाव व पलटण प्रथमच कळली.

महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर एक लहानशी संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मरण पावले, असे तिच्यावर लिहिलेले असते. नावे बहुधा नसतात. साताऱ्याजवळील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. त्या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच म्हणतात. ज्या गावात अशी पाटी आहे, तेथील तरुणांना एक काम हाती घेता येईल. पाटीवरील मृतांचा आकडा टिपून घ्यावा. मग कमिशनच्या यादीत गावाचे नाव निरनिराळ्या शब्दलेखनांनी शोधावे, तालुका व जिल्हा जुळतो का ते पाहावे, आणि मिळालेली नावे गावातील घराण्यांशी ताडून पाहावीत. पाटीवर पाच असतील आणि यादीत तीनच सापडली, तर उरलेल्या दोघांसाठी शेजारच्या गावाच्या नावाने पुन्हा शोध घ्यावा. भरतीच्या वेळी शिपायाने आपल्या वाडीऐवजी जवळच्या मोठ्या गावाचे नाव सांगितलेले असण्याचा संभव असतो.