पुसलेलीं छायाचित्रें

गतवर्षीं आमच्या वर्गाची सहल हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापूर येथें मल्लिनाथाचें जैन मंदिर पाहण्यास गेली होती. एका विद्यार्थ्यानें घरचा कॅमेरा आणिला होता. परततांना त्याच्या हातून त्यांतील सर्व चित्रें पुसलीं गेलीं. त्यांत त्याच्या दिवंगत आजोबांचें अखेरचें चित्रहि होतें. मुलाच्या तोंडचें पाणी पळालें.

पुसणें म्हणजे काय, हें येथें समजून घेतलें पाहिजे. मेमरी कार्ड हें ग्रंथालयासारखें असतें: चित्रें कपाटांत, जागांची नोंद सूचिपत्रांत. पुसण्याची आज्ञा होतांच कॅमेरा बहुधा सूचिपत्रांतील नोंदीवर खूण करून ती जागा रिकामी समजतो. ग्रंथ कपाटांतच राहतो. मात्र नवें चित्र काढिल्यास तें त्याच जागीं बसण्याचा संभव असतो, व मग जुनें कायमचें गेलें. म्हणून आम्हीं प्रथम कार्डच बाहेर काढिलें.

पुढें संगणकावर फोटोरेक ही विनामूल्य आज्ञावली चालविली. फ्रान्सचे ख्रिस्तोफ ग्रनिए हे तिचे कर्ते. ती सूचिपत्रावर विसंबत नाहीं. प्रत्येक जेपेग चित्राच्या आरंभीं ठराविक खूण असते, तिचा शोध घेत सारें कार्ड वाचीत जाते. सांपडलेलीं चित्रें संगणकावरच उतरवावीं, त्या कार्डावर कदापि नव्हे. मूळ नांवें बहुधा मिळत नाहींत, तेव्हां शेंकडों चित्रें एकेक करून पाहावीं लागतात. आमची सारी संध्याकाळ त्यांत गेली.

आजोबांचें चित्र सांपडलें. पुसल्यानंतर कोणीं तरी हौसेनें आणखी एक चित्र काढिलें होतें, त्यामुळें खालचा पाव भाग करडा पडला होता. मुख मात्र शाबूत होतें.