खेळाचा संगणक : पैसा कोठे घालावा, कोठे राखावा

दहावीचा निकाल लागला की डहाणू-तलासरीकडील अनेक घरांत एक वाद हमखास उभा राहतो. मुलाला खेळ चालतील असा संगणक हवा असतो आणि वडिलांना तो खर्च वायफळ वाटतो. मात्र भाग पारखून घेतले, तर मर्यादित रकमेतही चांगला संगणक जुळवता येतो.

मुलाची यादी बहुधा ग्राफिक कार्डापासून सुरू होते. आमच्या मते ती एसएमपीएसपासून, म्हणजे यंत्राला वीजपुरवठा करणाऱ्या पेटीपासून, सुरू व्हावी. कॅबिनेटसोबत येणारा स्वस्त एसएमपीएस जळाला, तर पुष्कळदा मदरबोर्ड व कार्डही सोबत नेतो. पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालणाऱ्या ठिकाणी ही जोखीम का पत्करावी? '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का वीजबचतीचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. म्हणून कंपनीचे नाव आणि वॉरंटीची वर्षेही पाहावीत. साध्या बांधणीला ५५० वॅट पुरेसे होतात. घरातील अर्थिंग मात्र आधी तपासून घ्यावे. किनाऱ्यालगत खारी, दमट हवा धातूला गंज चढवते. कॅबिनेट खिडकीपाशी वा जमिनीवर ठेवू नये.

पैसा कमी असेल, तर रायझन ५ ५६००जी घेऊन कार्ड पुढच्या वर्षावर टाकता येते. या प्रोसेसरमध्येच चित्र उमटवण्याची सोय आहे. नुसत्या ५६०० मध्ये ती नाही. एका अक्षराच्या चुकीने पडदा काळा राहतो! व्हॅलोरंटसारखे हलके खेळ ५६००जीवर नीट चालतात. मात्र रॅम १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात, कारण हे अंगभूत ग्राफिक त्याच रॅमवर जगते. एसएसडी हवीच. रंगीत दिव्यांनी खेळाचा वेग वाढत नाही. तो पैसा सरळ वाचवावा.

जुने कार्ड स्वस्त मिळते, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबल्यावर रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. डोळ्यांसमोर तासभर चालवून पाहिल्याशिवाय जुना माल घेऊ नये, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगणे न लगे.

२०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावते, त्यामुळे ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोडचा बाजार एका दिवसात पाहून परतता येते. तीन-चार दुकानांतून प्रत्येक भागाचा वेगळा भाव लिहून घ्यावा. ठोक भावात कोठला भाग हलका घातला आहे, ते लगेच दिसते.

एक मोह टाळावा. घरच्या खेळासाठी घेतलेला संगणक दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर दाखवून कर वळता करून घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर ती सवलत मिळत नाही. बिल घरातील व्यक्तीच्या नावे घ्यावे आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहवून घ्यावा. वॉरंटी मागताना तोच तपासला जातो.