न बघण्याचे पैसे

श्रीवर्धनहून दिवेआगरला किनाऱ्याच्या रस्त्याने निघालं की वाटेत शेखाडी लागते. फेब्रुवारी १९९३ मध्ये इथे आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत एकामागोमाग एक स्फोट होऊन २५७ माणसं गेली. ही हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. पण न्याय्य शिक्षा कशाला म्हणायचं हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर स्फोटांच्या आधीची जानेवारीतली एक रात्र जास्त उपयोगी पडते.

त्या रात्री याच किनाऱ्यावरच्या दिघीला तस्करीचा माल उतरला. तो घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर श्रीवर्धनच्या पोलिसांनी अडवल्या. घासाघीस होऊन सौदा लाखांत ठरला. तेवढी रोकड जवळ नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या सुटल्या. कस्टम्सचे काही अधिकारीही आधीपासून सामील होतेच.

या किनाऱ्याला चोरट्या मालाचं लँडिंग नवं नव्हतं. सोनं, चांदी, घड्याळं यायची. खाडीतोंडाशी होड्या लागायच्या, गावातली पोरं पेट्या वाहायची, हप्ते ठरलेले असायचे. आता समजा, गाड्यांत चांदीच आहे असं फाट्यावरच्या एखाद्या शिपायाला मनापासून वाटलं. खरोखर चांदीच निघाली असती, तर प्रकरण फार तर निलंबन आणि खात्यांतर्गत चौकशीपर्यंत गेलं असतं. मनातला हेतू तोच आणि घेतलेले पैसेही तेवढेच, तरी पुढे काय झालं यावर त्याचा गुन्हा लहान किंवा मोठा ठरतो. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये हाच पेच मांडला. जे आपल्या हातात नव्हतं, त्यासाठी माणसाला किती दोषी धरायचं?

तत्त्वज्ञ कांटच्या बाजूचा माणूस म्हणेल, हेतू बघा. बेंथमच्या बाजूचा म्हणेल, शिक्षेने पुढचा अनर्थ टळतो का ते बघा. हा खटला ज्या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला, त्या टाडाच्या कलम ३(३) मध्ये दहशतवादी कृत्याला किंवा त्याच्या तयारीला जाणूनबुजून मदत करणाऱ्यासाठी किमान पाच वर्षं आणि कमाल जन्मठेप होती. पाच वर्षं ते जन्मठेप एवढं अंतर न्यायाधीशाने कशाच्या आधारे कापायचं, हे कलम सांगत नाही.

न्यायाधीश प्र. द. कोदे यांच्या विशेष न्यायालयात १२३ जणांचा निकाल लागला. त्यांतले १०० दोषी ठरले. कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना जन्मठेप झाली, गाड्या सोडणाऱ्या फौजदारालाही जन्मठेप झाली. शिपायांना त्याहून कमी शिक्षा झाली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाण आणि धनुर्धारी असा भेद केला. बॉम्ब ठेवणाऱ्या दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली आणि सूत्रधारांत गणलेल्या याकूब मेमनची फाशी कायम ठेवली. मला हा भेद पुरता पटत नाही. स्फोटकांनी भरलेली गाडी गर्दीत उभी करून निघून जाणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत असतं. बाणाला कळत नाही.

पेट्या वाहणाऱ्या पोराबद्दल मात्र बाणाची उपमा थोडीफार चालेल. पेट्या उघडून बघणं हे त्याचं काम नव्हतं, आणि त्याने बघितलं असतं तरी त्याचं ऐकणारं कोण होतं? पोलिसाचं आणि कस्टम्सवाल्याचं तसं नाही. उघडून बघायचं म्हणूनच सरकार त्यांना पगार देत होतं, आणि लाच मिळाली ती न बघण्यासाठी. ‘आत काय होतं ते मला माहीत नव्हतं’ हे त्यांचं म्हणणं अगदी खरं धरलं, तरी तो बचाव होत नाही. त्यांनी विकलं ते न बघणंच होतं. म्हणून पोराचं आणि पोलिसाचं अज्ञान शब्दशः सारखं असलं, तरी शिक्षेत मोठा फरक असणं मला न्याय्य वाटतं. नेगेलच्या पेचाला हे पूर्ण उत्तर नाही, पण नशिबाचा वाटा त्यामुळे पुष्कळ कमी होतो. पोलीस आणि कस्टम्स यांच्यावर सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ च्या निकालात कडक ताशेरे ओढले, ते उगीच नव्हेत.

एक हिशेब मात्र राहूनच जातो. या खटल्याचे निकाल सप्टेंबर २००६ मध्ये यायला लागले आणि शिक्षा पुढच्या वर्षापर्यंत सुनावल्या जात होत्या. म्हणजे गुन्ह्यापासून १३-१४ वर्षं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ प्रमाणे कोठडीतले दिवस शिक्षेतून वजा होत. जामिनावर राहून आर्थर रोड तुरुंगातल्या कोर्टात काढलेल्या तारखा वजा होत नसत. फौजदाराला कोर्टाच्या तारखा पडल्या आणि शेवटी सुटलेल्या २३ जणांनाही पडल्या. त्या २३ जणांची वर्षं वजा करायला तर शिक्षाच नव्हती.