शिकारी कुत्रा घरी येतो तेव्हा

पर्वतीच्या पायथ्याशी एके काळी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. पुढे इंग्रजी अमदानीत पुणे आणि खडकी येथील छावण्यांतले गोरे अधिकारी घोड्यांवर बसून, कुत्र्यांची टोळी पुढे सोडून, कोल्ह्यांचा पाठलाग करीत. त्या टोळीस ‘पूना अँड कर्की हाउंड्स’ असे नाव होते. आज शिकारखाना नाही, टोळीही नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मनोविनोदाची शिकारही उरलेली नाही. उरला आहे तो शिकारी कुत्रा. माणसाने त्याचा उद्योग काढून घेतला. परंतु त्या उद्योगासाठी शेकडो पिढ्या घडविलेले शरीर आणि मन काही त्याला काढून घेता आले नाही. तेच शरीर आणि तेच मन घेऊन हा प्राणी आज कोथरूड-औंधच्या तिसऱ्या मजल्यावर राहावयास येतो.

कित्येक घरांत तर आपण शिकारी कुत्रा पाळला आहे, याची कोणास जाणीवही नसते. मुलांच्या अंगाखांद्यावर लोळणारा लॅब्रॅडॉर हा मुळात बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून उचलून आणणारा कुत्रा. आखूड पायांचा डॅक्सहुंड बिळात शिरून बिज्जू जातीच्या प्राण्याशी झुंजण्यासाठी निपजविलेला. त्याचे जर्मन नावच तसे सांगते. बीगल वासावरून सशाचा माग काढतो. ही मंडळी कान पाडून सोफ्यावर निजलेली दिसली, तरी त्यांच्या रक्तातला जुना धंदा जागाच असतो.

शिकारी कुत्र्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार सांगता येतात. एक नाकाच्या भरवशावर चालणारा, दुसरा डोळ्यांच्या. वासाचा कुत्रा मंदगती, पण चिकट. तासन् तास माग सोडीत नाही. नजरेचा कुत्रा सावज दिसताच बाणासारखा सुटतो. त्याचे डोके लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत गेलेले आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. भरधाव पळताना एका झेपेच्या फेऱ्यात दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात.

दख्खनचे देशी शिकारी कुत्रे या दुसऱ्या प्रकारचे आहेत. कारवान आणि पश्मी ही त्यांची मराठी मुलखातील परिचित नावे. कारवान आखूड, गुळगुळीत केसांचा. पश्मीच्या कानांवर, शेपटीवर व पायांवर लांब रेशमी केस असतात. ‘पश्म’ या फारसी शब्दाचा अर्थच लोकर. मध्य आशिया व इराणकडून आलेल्या काफिल्यांबरोबर यांचे पूर्वज दक्षिणेत उतरले, असे मानले जाते. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या वंशाची काळजीपूर्वक जोपासना केली आणि त्यांतील एक जोडी बादशहा पाचवे जॉर्ज यांस नजर केली, म्हणून त्यास ‘मुधोळ हाउंड’ हे नाव पडले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळलाही स्थान मिळाले. २०१६ मध्ये लष्कराने या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. तथापि या सर्व मानमरातबाहून तिला अधिक आधार दिला तो लातूर, सोलापूर, सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी. त्यांनी भाकरी-दुधावर हे कुत्रे वाढविले, वस्ती राखण्यास ठेवले आणि वंश टिकविला.

अशा घरचे पिल्लू पुण्यात येते, तेव्हा पहिला प्रश्न वयाचा असतो. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. आठ आठवड्यांच्या आत त्यास आईपासून तोडू नये. आई आणि भावंडे यांच्याशी खेळतानाच चावा किती जोराने घ्यावा, याचा पहिला धडा ते शिकते. त्यानंतर साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. या दिवसांत त्याने जे पाहिले, ऐकले आणि हुंगले, ते त्यास जन्मभर आपले वाटते. रिक्षाचा आवाज, जिन्यावरची ये-जा, कुकरची शिटी, गणपतीचे ढोल, लहान मूल, म्हातारे माणूस, या सर्वांशी हळूहळू ओळख करून द्यावयाची ती याच वेळी. नजरेचे कुत्रे स्वभावाने बुजरे व मानी असतात. त्यांस छडी दाखविली तर ते शिकत नाहीत. विश्वास मात्र गमावतात.

रोगांचे भयही याच वयात अधिक. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे पिल्लांचे दोन मोठे वैरी. पार्व्होची जगाला ओळख झाली ती १९७८ मध्ये. रक्ताचे जुलाब आणि वांत्या होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावते. डिस्टेंपरचा इतिहास मात्र जुना आहे, आणि शिकारी कुत्र्यांशी त्याचा जवळचा संबंध आहे. इंग्लंडात या रोगाने कुत्र्यांच्या टोळ्याच्या टोळ्या बसत. तेव्हा १९२० नंतरच्या दशकात ‘द फील्ड’ या शिकार-खेळांच्या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली, आणि त्या पैशाच्या साहाय्याने लेडलॉ व डंकिन या संशोधकांनी लस तयार केली. हे काम करताना फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याचा त्यांस उपयोग झाला. आणि पुढे १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला, तोही त्याच संस्थेत, फेरेटच्याच साहाय्याने. कुत्र्यांसाठी केलेल्या खटपटीचे फळ अशा रीतीने माणसालाही मिळाले. आज सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून या रोगांची लस टोचण्यास आरंभ करतात व सोळाव्या आठवड्यापर्यंत ती पुन्हा देतात. पिसाळण्याच्या रोगाची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे नियमाने टोचावी लागते. महानगरपालिकेचा परवानाही काढावा लागतो.

पिल्लू वर्षाचे झाले म्हणजे धन्याची खरी परीक्षा सुरू होते. सावज दिसले की हा कुत्रा हाक ऐकेनासा होतो. तो उद्दाम झाला असे नव्हे, त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे दुसरे काही नसतेच. मांजर, कोंबडी, मोटारसायकल, जे पळेल ते त्याचे सावज. वेताळ टेकडीवर पहाटे मोर दिसतात. तेथे त्यास मोकळा सोडणे म्हणजे मोराच्या जिवाशी खेळणे व कायदा मोडणे होय. रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याच्याच जिवाशी खेळणे. आणि मुळीच न सोडणे? तोही अन्यायच. म्हणून कुंपणाचे मैदान शोधावे, लांब दोरी वापरावी, पहाटे व सायंकाळी घटकाभर तरी त्यास मनसोक्त पळू द्यावे. पळून आलेला हा कुत्रा घरात इतका शांत पडतो की तो आहे की नाही, याचाही विसर पडावा. न पळालेला मात्र दार, गादी, चपला यांवर सूड घेतल्यासारखा वागतो. मग घरचे त्यास ‘वाईट’ ठरवितात, आणि एके दिवशी तो कोणाच्या तरी शेतावर पाठविला जातो किंवा रस्त्यावर सोडला जातो. दोष कुत्र्याचा नसतो. त्याचे शरीर न वाचता त्यास घरी आणणाऱ्याचा असतो.

त्या शरीराचे आणखी दोन-तीन नियम आहेत. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगावर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग निववितो. म्हणून चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिसाकडे जातो, तेव्हा दुपारी त्यास पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यास भरल्या पोटी पळविले तर जठर फुगून पीळ पडण्याचा धोका वाढतो. पोट फुगले आहे, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, असे दिसताच घटकेचाही विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे. शस्त्रक्रियेचा प्रसंग आलाच तर हा नजरेचा कुत्रा आहे, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. अंगात चरबी कमी असल्याने भुलीच्या काही औषधांचा अंमल अशा कुत्र्यांवर अधिक काळ राहतो.

इतके सर्व नीट केले तरी एक हिशेब बदलत नाही. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा, फार तर चौदा वर्षांचे. घरात बालवाडीत जाणारे मूल असताना पिल्लू आले, तर ते मूल महाविद्यालयात जाते, तेव्हा कुत्रा म्हातारा झालेला असतो. ज्याच्या मागे सारे घर धावत असे, तो आता जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, तोंडावरचे केस पांढरे होतात. तरीही मोर ओरडला की कान उभे राहतात; पाय मात्र उठत नाहीत.

या अखेरच्या दिवसांत धन्यापुढे कठीण प्रश्न उभा राहतो. बरे होण्याची आशा नाही आणि वेदना तर थांबत नाहीत, अशा वेळी पशुवैद्य भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देऊन शांत मरण देऊ शकतो. असा निर्णय कोणी आनंदाने घेत नाही. पण तो घेताना ‘आपल्याला हा हवा आहे का’ असे न विचारता ‘त्याला अजून जगण्यात काही गोडी आहे का’ असे विचारावे. तो खातो का, उन्हात पडावेसे त्यास वाटते का, ओळखीचे पाऊल वाजले की शेपटी हलते का? या साध्या प्रश्नांत उत्तर असते. शेवटच्या क्षणी ओळखीचा हात त्याच्या डोक्यावर असावा. मुलांस ‘तो गावाला गेला’ असे सांगू नये. मरणाची पहिली ओळख जर खोटेपणातून झाली, तर दुःखाबरोबर संशयही मनात राहतो.

कुत्र्यासाठी रडणाऱ्यास हसणारे लोक आहेत. पण महाराष्ट्राची परंपरा त्यांच्या बाजूची नाही. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्रे आहेत. महाप्रस्थानाच्या अखेरीस धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले. आणि साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीस, थोरले शाहू महाराज यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत या कुत्र्याने महाराजांस वाघापासून वाचविले, अशी आख्यायिका आहे.

राजाने दगडी समाधी बांधली. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबास ते शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. पिल्लू आणण्यापूर्वी त्या कुटुंबाने दोनच गोष्टींचा विचार करावा: याला रोज पळावयास जागा आपण देऊ का, आणि दहा-बारा वर्षांनी त्याच्या उशाशी आपण बसू का. या दोन्ही प्रश्नांना ज्या घरी ‘होय’ असे उत्तर मिळते, तेथेच त्याने यावे. मग खुंटीवर टांगलेला जुना पट्टा पाहून कधी डोळे भरून आले, तरी त्या पाण्यात पश्चात्तापाचा थेंब नसेल.