सुरमईच्या दातांपुढे तंगूस का टिकत नाही? तारेचा लीडर आणि गळ बांधण्याचं तंत्र

गेल्या दिवाळीत गावी देवगडला गेलो होतो. पहाटे कातळावर उभं राहून दोन तासांत मी चार ल्यूर घालवले. दर वेळी तीच गत. जोरात झटका, रीलवरून सात-आठ मीटर दोरा सर्रकन बाहेर, आणि मग एकदम ढिला. दोरा गुंडाळून बघितला तर टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ. मी वापरत होतो तो नायलॉनचा लीडर ३० किलो ताकदीचा होता आणि इथे मिळणारी सुरमई बहुतेक वेळा त्याच्या एक दशांशही वजनाची नसते. गणित माझ्या बाजूने होतं, मासे मात्र नव्हते.

काका मागे बसून बघत होते. चौथ्या वेळी म्हणाले, "दातवाल्या माश्याक तार होयी रे. तंगूस कित्याक बांधतंस?"

इथे मी एरवी बॅटरी, चार्जर आणि प्रोसेसर यांवर लिहितो. पण त्या सकाळनंतर मी या तारेच्या मागे लागलो, आणि हे प्रकरण वाटलं त्यापेक्षा जास्त इंजिनिअरिंगचं निघालं. म्हणून आज हे.

आधी माझं गणित कुठे चुकलं ते बघू. दोऱ्याच्या पाकिटावर लिहिलेले किलो म्हणजे सरळ ओढल्यावर तो किती भार घेतो तो आकडा. कापण्याशी त्याचा जवळपास काही संबंध नाही. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी आणि एकाला एक लागून असतात, म्हणजे करवतीपेक्षा पात्यांची रांगच म्हणा. नायलॉन मऊ. त्यात तो ताणलेला असला की बारीकशी खाचही पुरते, कारण सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी एकवटतो आणि खाच आपोआप पुढे फाटत जाते. ढिली सुतळी आणि ताणलेली सुतळी सुरीने कापून बघा, फरक हाताला कळेल. ब्रेड म्हणजे विणलेला पॉलिथिलीनचा दोरा तर नायलॉनपेक्षाही बारीक, त्यामुळे दातासमोर आणखी लवकर जातो. हीच गोष्ट बॅराकुडाची, वामची आणि बळ्याची. बळ्याचे पुढचे सुळे तर एकदा जवळून बघाच, पण बोट लांब ठेवून.

जाड नायलॉन लावून काही जण निभावून नेतात. ८०-१०० पौंडी लीडर एखाद-दोन चावे सोसतो. पण तो नशिबाचा खेळ आहे, आणि दोरा तुटतो तेव्हा नुकसान फक्त आपल्या साडेचारशे रुपयांच्या ल्यूरचं नसतं. तो मासा तोंडात दोन तिनकाटी गळ घेऊन फिरत राहतो. मला त्या सकाळी खरं वाईट वाटलं ते याचं.

आता तार. दुकानात साधारण चार प्रकार दिसतात. पहिली एकपदरी स्टेनलेस तार, आपल्या स्वयंपाकघरातल्या ३०४ स्टीलच्या जातकुळीतली, पण थंड अवस्थेत ओढून ओढून कडक केलेली. हिला नंबर असतात. ४ नंबर म्हणजे ०.०१३ इंच, साधारण ०.३३ मिमी जाड, आणि ताकद १७-१८ किलोच्या आसपास. ७ नंबर म्हणजे ०.०१८ इंच, साधारण ०.४६ मिमी, ताकद ३१ किलोच्या आसपास. दुसरी सातपदरी, म्हणजे मध्ये एक बारीक तार आणि तिच्याभोवती सहा. तिसरी तीच, वर प्लास्टिकचं आवरण चढवलेली. चौथी निकेल-टायटॅनियमची, जी दातांच्या ब्रेसेसमध्ये वापरतात त्या जातीची. ती वाकवली तरी परत सरळ होते, आणि खिसाही सरळ करते.

सुरमईसाठी माझं मत एकपदरीला, ४ किंवा ५ नंबर. कारण सुरमईची नजर तीक्ष्ण असते. स्वच्छ पाण्यात जाड तार दिसली की ती मागे येते, बघते आणि वळते. तेवढ्याच ताकदीला एकपदरी तार सगळ्यात बारीक पडते. शिवाय सातपदरीतली एकेक बारीक तार दाताने तुटत जाते आणि दोन माशांनंतर लीडरचा झाडू होतो. एकपदरीचा दोष एकच, ती मुरडते. त्याबद्दल पुढे.

खरी मजा आहे ती गाठीत. कारण या तारेला गाठ मारताच येत नाही. नायलॉनच्या गाठीत दोरा दोऱ्याला आवळतो. कडक तार आवळत नाही, वाकते, आणि त्या वाकलेल्या जागीच कमजोर होते. म्हणून तिला पीळ द्यायचा. इंग्रजीत या पद्धतीला 'हेवायर ट्विस्ट' म्हणतात.

तार गळाच्या डोळ्यातून ओवून घ्या, दहा-बारा सेंटिमीटर शेपूट सोडा. छोटासा फास करून तो पक्कडीत किंवा बोटांच्या चिमटीत धरा. आता मुख्य तार आणि शेपूट यांच्यात काटकोनाएवढा तरी कोन ठेवा आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्याच फिरवत पीळ घाला, इंग्रजी एक्स अक्षरांची रांग दिसते तसा. असे चार-पाच पीळ. मग शेपूट मुख्य तारेला काटकोनात आणा आणि तिच्याभोवती एकाला एक चिकटून पाच-सहा वेढे द्या, स्प्रिंगसारखे.

इथेच माझी पहिली गोची झाली. मी मुख्य तार सरळ धरून फक्त शेपूट तिच्याभोवती गुंडाळली होती. दिसायला अगदी देखणं. दुसऱ्या दिवशी मासा लागला, दहा सेकंदांत सुटला, आणि हातात आली ती टोकाला वेटोळं झालेली तार. गळ नाही. झालं असं की सरळ तारेभोवती गुंडाळलेली तार म्हणजे काठीवर चढवलेली स्प्रिंग. ओढली की घसरते. दोन्ही तारा वाकलेल्या असतील तेव्हाच त्या एकमेकींत अडकतात आणि भार घेतात. म्हणजे भार घेतात ते आधीचे पीळ, आणि शेवटचे घट्ट वेढे फक्त पीळ उलगडू नये म्हणून कुलूप घालतात. दोन्ही लागतात. नुसते पीळ उलगडतात, नुसते वेढे घसरतात.

आता उरलेली शेपूट. पक्कडीने कापू नका. कापलं की टोकाला धार राहते, ती बोट फाडते आणि शेवाळही गोळा करते. शेपटीचं टोक काटकोनात वाकवून रहाटाच्या दांड्यासारखी मूठ करा आणि ती मागेपुढे फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत तार वेढ्याच्या अगदी कडेला साफ तुटते. स्टेपलरची पिन वाकवून वाकवून तुटते ना, तेच तत्त्व: त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की धातू कडक होतो, ठिसूळ होतो आणि जातो.

सातपदरी तार घेतलीत तर तिथे पिळाऐवजी क्रिंप येतो, म्हणजे छोटी धातूची नळी दाबून बसवायची. ज्यांनी कधी नेटवर्क केबलला कनेक्टर लावला आहे त्यांना नियम माहीत आहेत: नळी तारेच्या मापाचीच हवी, क्रिंपिंगचंच हत्यार हवं, साधी पक्कड नाही. एक भर घालतो. नळी मधोमध दाबा, दोन्ही कडा थोड्या मोकळ्या सोडा. कडेला दाबलं की तिथे तारेवर खाच बसते, आणि खाचेचं काय होतं ते वर आलंच आहे.

गळाकडे वळू. आमच्याकडे याला गरी म्हणतात, आणि गरवायला जाणं हा कोकणातला जुना उद्योग. पण गळांचे नंबर ज्याने ठरवले त्याला मी माझ्या टीममध्ये घेणार नाही. १ पर्यंत नंबर जितका मोठा तितका गळ लहान. तिथून पुढे १/०, २/० असं सुरू होतं आणि तिथे नंबर मोठा तसा गळ मोठा. म्हणजे ४ आणि ४/० यांत जमीन-अस्मानाचा फरक. दुकानदाराला तोंडी सांगताना हमखास घोळ होतो, तेव्हा नमुना दाखवून घ्या.

आख्खी तारली किंवा छोटा बांगडा आमिष म्हणून लावणार असाल तर एक गळ पुरत नाही. सुरमई वेगाने येते आणि बरेचदा आमिषाचा मागचा अर्धा भाग एका चाव्यात कापून नेते. गळ तोंडाशी असेल तर तुम्हाला परत मिळतं ते डोकं. म्हणून दोन गळांची जोडणी करतात. लीडरच्या टोकाला एकेरी गळ, तो आमिषाच्या तोंडातून. त्याच गळाच्या डोळ्यातून तारेचा दुसरा तुकडा, दहा सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना तोच पीळ, आणि शेवटी लहान तिनकाटी गळ, जो शेपटीच्या अलीकडे राहील. तुकड्याची लांबी आमिषाच्या मापाने ठरवा. तार आमिषापेक्षा आखूड झाली तर आमिष धनुष्यासारखं वाकतं आणि पाण्यात गरगर फिरतं. तसं फिरणारं आमिष सुरमई सहसा घेत नाही, आणि लीडरलाही वळ पडतात. तिनकाटी गळ ४ ते १ नंबरचा पुरे, पण जाड तारेचा घ्या. ल्यूरसोबत फुकट येणारे गळ मी घरी पक्कडीने ओढून बघितले, तर निम्मे सरळ झाले.

लीडरच्या वरच्या टोकाला छोटा स्विवेल आणि तिथे आपला नेहमीचा दोरा. स्विवेल काळा घ्या. चकचकीत असला तर दुसरी सुरमई त्यालाच खाऊ समजून चावते आणि तारेच्या वरचा दोरा कापून टाकते. लांबी ल्यूर फेकताना २०-३० सेंटिमीटर, आमिषाला ४०-६०. याहून लांब तार फेकायला त्रास देते.

आणि तार लावली म्हणून रीलचा ब्रेक आवळू नका. तार ताणली जात नाही, त्यामुळे प्रत्येक धक्का थेट गळावर आणि माशाच्या तोंडावर जातो. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी दोरा असेल, समजा १४ किलोचा, तर ब्रेक साडेतीन किलोच्या आसपास ठेवा, म्हणजे पाव भाग. मोजायला विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा उत्तम चालतो. लहान तिनकाटी गळ असतील तर त्याहूनही ढिला. सुरमईची पहिली धाव लांब असते, ती धावू द्यावी.

आता मुरड. एकपदरी तारेत मासा सोडवताना किंवा ल्यूर गुंतताना छोटा कोन पडतो. तो बोटांनी सरळ करायचा मोह होतो. केला तर दिसायला सरळ, पण त्या जागी धातू आधीच थकलेला असतो. वर शेपूट तोडायला जी युक्ती वापरली, तीच इथे आपल्याविरुद्ध चालू असते. मुरड दिसली की लीडर बाद. पन्नास सेंटिमीटर तारेची किंमत चहाच्या कपापेक्षा कमी आहे.

गंजाचंही एक गंमतशीर आहे. आवरण असलेली तार जास्त सुरक्षित वाटते, पण अनेकदा तीच आधी आतून सडते. स्टेनलेसवर जो गंजरोधक पातळ थर असतो, तो टिकायला प्राणवायू लागतो. दाताने आवरणाला भोक पडलं की खारं पाणी आत शिरतं, अडकून राहतं, तिथला प्राणवायू संपतो, आणि थर पुन्हा बनत नाही. बाहेरून लीडर नवाकोरा दिसतो. आवरण उघडी तार असली की निदान गंज दिसतो तरी. दोन्ही गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवा.

मोरीबद्दल सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही. मोरी म्हणजे शार्क. नायलॉन असेल तर ती चावून सुटून जाते, तारेवर ती सुटू शकत नाही. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर इतकी घातक ठरली की ट्यूना पकडणाऱ्या लांब दोरांच्या जहाजांवर तारेचा लीडर बंद करायची वेळ आली. हवाईच्या खोल पाण्यातल्या ट्यूना जहाजांना २०२२ पासून तार बंद आहे. पश्चिम आणि मध्य प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत ही बंदी २०२४ पासून लागू झाली. शार्कच्या काही जाती आपल्याकडेही वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि पाण्यातून डोकं वर आलेली मोरी नेमकी कुठल्या जातीची हे कातळावरून ओळखणं मला तरी जमत नाही.

म्हणून माझ्या पिशवीत आता दोन हत्यारं असतात. लांब तोंडाची पक्कड, कारण सुरमईच्या तोंडातला गळ हाताने काढायला गेलेल्या काकांच्या अंगठ्यावर अजून चार टाक्यांची खूण आहे. आणि तार कापायचं कटर. मोरी लागली तर तिला कातळावर ओढायचं नाही, पाण्यातच शक्य तितकी जवळ आणायची आणि तार गळाच्या अगदी डोळ्याशी कापायची. मागे अर्धा मीटर तार लटकत राहता कामा नये.